चतुःसीमेचे शब्द

वर्धा जिल्ह्यातील देवळी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे ते तेथे सापडलेल्या ताम्रपटामुळे. राष्ट्रकूट नृपती तिसरा कृष्ण याने शके ८६२ मध्ये, म्हणजे इ. स. ९४० च्या सुमारास, दिलेल्या ग्रामदानाचा तो लेख असून रा. गो. भांडारकरांनी त्याचे संपादन केले. दान दिलेले गाव ‘नागपुर-नंदिवर्धन’ या विषयात, म्हणजे प्रदेशविभागात, होते. ‘नागपूर’ या नावाचा ज्ञात असलेला पहिला उल्लेख तो हाच. आमचे लक्ष मात्र त्याच लेखातील एका दुर्लक्षित भागाकडे जाते. तो भाग म्हणजे चतुःसीमा.

दान दिलेली भूमी कोणती, हे सांगताना लेखकाने तीन दिशांना गावे सांगितली आणि एका दिशेला नदी. गावांची नावे हजार वर्षांत झिजली, बदलली. त्यांची ओळख पटवताना अभ्यासकांना तर्काचा आधार घ्यावा लागतो. नदी मात्र कन्हान असल्याचे नामसादृश्यावरून सांगता आले. येथे एक गंमत ध्यानात येते. पत्रा सापडला देवळीस आणि जमीन आहे ती पार नागपूरपलीकडच्या कन्हानकाठी. धातूचा पत्रा कुणाच्या तरी हातून इतका दूर आला. तो मुळात कुठल्या मातीविषयी बोलतो, हे आज कळते ते मुख्यत्वे त्यातील स्थलनामांमुळे, आणि त्यांत नदीचे नाव सर्वांत टिकाऊ ठरले.

भूरूपांची आणि जलाशयांची नावे ही वर्णनाची सोय नसून मालकीचा पुरावा असतात, हे यावरून दिसते. मराठी गद्याच्या आरंभकाळातही हीच वृत्ती आढळते. देवळीहून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो आणि त्यातील ऋद्धिपूर हे महानुभावांचे मोठे स्थान. त्या पंथातील ‘स्थानपोथी’ चक्रधरस्वामींचा वास घडलेल्या जागा दिशांसह नोंदवते. दानपत्राला जमीन निश्चित करायची होती, पोथीला श्रद्धेची जागा. दोघांनाही नेमका शब्द हवा होता.

पुढे छापील कोशांचा आणि पाठ्यपुस्तकांचा काळ आला. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला, तेव्हा देवळीचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ते राज्य १८५३ मध्ये तिसऱ्या रघूजीच्या मृत्यूनंतर खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत आणि १८६२ मध्ये वर्धा जिल्हा अस्तित्वात आला. मराठी भूगोलाची पुस्तकी परिभाषा घडली ती मुख्यतः पश्चिमेकडे, समुद्र आणि सह्याद्री यांच्या शेजारात. त्यामुळे ‘घाट’ म्हटल्यावर पुस्तकाला डोंगरातील वाट आठवते. वर्धेकाठच्या माणसाला नदीत उतरण्याची जागा आठवते. पुस्तकात ‘ओढा’ असतो, येथे ‘नाला’. ‘सामुद्रधुनी’ आणि ‘संयोगभूमी’ हे शब्द येथील विद्यार्थी पाठ करतो. डोळ्यांसमोरच्या उंचवट्याला आजोबा ‘बरड’ म्हणत, हे मात्र त्याला कुणी विचारीत नाही.

हा भेद केवळ बोलीचा नव्हे. ‘काळी’, ‘मोरंड’, ‘खरडी’, ‘बरडी’ या शब्दांनी येथील शेतकरी जमिनीची खोली, पोत आणि उतार एकाच उच्चारात सांगत असे. जमाबंदीच्या अधिकाऱ्यांनी हेच शब्द दप्तरात घेतले, कारण सारा त्यांवरच ठरायचा होता. ‘काळी’ म्हणजे पिकाची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची, ही जोडी तर साऱ्या मराठी मुलखाला समजते. या शब्दांत भूगोल आहे, शेती आहे आणि राज्यव्यवहारही आहे.

प्रमाण परिभाषेची गरज आम्ही नाकारीत नाही. कोकणच्या आणि विदर्भाच्या विद्यार्थ्याला एकच प्रश्नपत्रिका सोडवायची, तर समान संज्ञा लागणारच. प्रश्न आहे तो क्रमाचा. देवळी तालुक्यातील यशोदा नदी वर्धेला मिळते. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीला मिळते. ‘उपनदी’, ‘संगम’, ‘खोरे’ हे तिन्ही शब्द येथून चालत जाऊन शिकता येतात. शेजारच्या नाल्यापासून सुरुवात करून समुद्रापर्यंत जाता येते. समुद्रापासून सुरुवात केली, तर नाल्यापर्यंत येण्याआधीच पुस्तक संपते.

नाल्याचे नाव विसरले गेले की तो ‘मोकळी जागा’ होतो, मग बुजवला जातो, आणि एखाद्या पावसाळ्यात पाणी आपली जुनी वाट शोधीत दारात येते. ज्याने ताम्रपटाची चतुःसीमा लिहिली, त्याला नावाची ही किंमत पक्की ठाऊक होती. साहित्याच्या वर्गात आपण शब्दसंपदेविषयी पुष्कळ बोलतो. गावच्या वडीलधाऱ्यांकडून शिवारातील टेकडी, बरड, डोह आणि नाला यांची नावे लिहून आणण्याचा एक साधा अभ्यास त्या वर्गाने विद्यार्थ्यांना द्यावा, असे आम्हांस वाटते. अशी वही देवळीच्या ताम्रपटाइतकी टिकणार नाही. पण तिच्यातील चतुःसीमा खरी असेल.