बनारसची आंधी आणि छपरं
मे-जूनच्या आंधीनंतर छावणीत उडालेले पत्रे गोळा करणं हे फटीगचं ठरलेलं काम. एक बोल्ट सैल झाला की वारा खाली शिरतो आणि अख्खा पत्रा उचलतो.

इथलं जुनं छप्पर म्हणजे खपरैल. चपटे थपुए ओळीने मांडायचे आणि त्यांच्या सांध्यांवर अर्धगोल नरिया पालथ्या घालायच्या. वाऱ्यानं (आणि माकडांनी!) त्या सरकतात, फुटतात, पण फुटलेल्या तेवढ्या बदलल्या की झालं. आपल्या कोकणातली शाकारणीच. सरकारी इमारतींवर आलेली अलाहाबादी कौलंही याच जोडीची, फक्त साच्यात घडवलेली.

मराठ्यांनी मात्र काशीत दगडावर भरवसा ठेवला. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये विश्वनाथाचं मंदिर दगडातच उभारलं. चुनारच्या खाणी गंगेकाठीच, त्यामुळे दगड होडीनं घाटापर्यंत येई. आंधी त्याला हलवत नाही. पण भार पेलायला जाड भिंती लागतात आणि सांधे गळू लागले की चुना भरत बसावं लागतं. पुढे १८३५ च्या सुमारास रणजितसिंहांनी शिखर सोन्यानं मढवलं. धातू आला, पण खाली दगडाचा आधार होता.

बराकीला पत्राच परवडतो, हे खरं. राहायला विचाराल तर मी खपरैल घेईन. फक्त ती फेरणारा कारागीर आता शोधावा लागतो.