‘आपल्यापैकी’ कुणी उडवलं होतं का?

रमजान ईदला केडगावला बहिणीकडे गेलो होतो. शिरखुर्मा झाला, पाहुण्यांची वर्दळ ओसरली आणि नववीतला भाचा मला ओढतच आपल्या खोलीत घेऊन गेला. संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर सुरू होतं. पडद्यावर दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर विमान धावपट्टीच्या टोकाशी उभं होतं.

“मामू, याचं नाक एवढं लांब आहे की जमिनीवर असताना पुढचं काही दिसत नाही. नागमोडी चालवावं लागतं.”

माहिती अचूक होती. चाक शेपटीखाली असल्याने त्या काळची बहुतेक विमानं जमिनीवर नाक वर करून उभी राहत. वैमानिकाला डावी-उजवीकडे वळत वाट पाहावी लागे. पुस्तकात हे वाचून मी विसरलो असतो, पोराने ते हाताने शिकून घेतलं होतं.

मग त्याने विचारलं, “हे आपल्यापैकी कुणी उडवलं होतं का?”

“आपल्यापैकी म्हणजे?”

तो अडखळला. “म्हणजे भारतीयांपैकी. आणि... मुसलमानांपैकी.”

नंतर बहिणीकडून कळलं की, विमानांच्या गप्पा चालल्या असताना वर्गातला एक मुलगा त्याला म्हणाला होता, ‘तुमचे लोक तिकडे पाकिस्तानात विमानं उडवतात.’ भाच्याला तिथे उत्तर देता आलं नव्हतं. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि कदाचित त्या दुसऱ्या मुलासाठीही.

नगरच्या मुलांना जुनी युद्धसामग्री नवी नाही. शहरातल्या रणगाडा संग्रहालयात शाळांच्या सहली जातात, मुलं लोखंडाला हात लावून पाहतात. विमानांचं तसं नाही. सुरुवातीच्या विमानांवर कापड ताणलेलं असे. ती कोसळली, कुजली, भंगारात गेली. म्हणूनच जगभरचे हौशी लोक जुने आराखडे, छायाचित्रं आणि इंजिनाचे आवाज गोळा करून संगणकावर त्यांची हुबेहूब मॉडेल्स बनवतात. २००३ साली उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त मायक्रोसॉफ्टने आपल्या सिम्युलेटरमध्ये राईट बंधूंच्या विमानापासून डग्लस डीसी-३ पर्यंत नऊ ऐतिहासिक विमानं दिली होती. यातलं डीसी-३ हे मुळात प्रवासी विमान. लष्करात तेच ‘डाकोटा’ झालं. २७ ऑक्टोबर १९४७ ला भारतीय सैनिक श्रीनगरला उतरले ते डाकोटांमधूनच. पण मॉडेलमध्ये विमान परत येतं, त्यात बसलेला माणूस येत नाही. त्याची गोष्ट आपल्यालाच सांगावी लागते.

आपल्याकडच्या विमानांची गोष्ट १९३२ च्या ऑक्टोबरपासून सांगता येईल. ८ तारखेला भारतीय हवाई दलाची कायदेशीर स्थापना झाली. त्यानंतर सातच दिवसांनी, १५ तारखेला, जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड धावपट्टीवरून पस मॉथ हे एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन निघाले आणि टपालाच्या पिशव्यांसह अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले. याच ड्रिग रोडवर १ एप्रिल १९३३ ला हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. तिच्याकडे होती चार वापिटी विमानं. दोन पंखांची, उघड्या कॉकपिटची. भारताचं नागरी उड्डाण आणि लष्करी उड्डाण असं एकाच धावपट्टीवर वाढलं. ती धावपट्टी आज पाकिस्तानात आहे.

याच कराचीत पुढे एक तरुण अधिकारी रुजू झाला. इद्रिस हसन लतीफ. जन्म १९२३, हैदराबाद. जानेवारी १९४२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांना हवाई दलात कमिशन मिळालं. कराचीहून ते वापिटी, ऑडॅक्स, हार्ट अशा तेव्हाच कालबाह्य झालेल्या विमानांतून अरबी समुद्रावर शत्रूच्या पाणबुड्या शोधत. पुढे निवडक भारतीय वैमानिकांसोबत त्यांना ब्रिटनला पाठवलं गेलं. तिथे ते हरिकेन आणि स्पिटफायर शिकले. १९४४ ला परतून ब्रह्मदेशच्या मोहिमेत जपान्यांविरुद्ध हरिकेनवर लढले. म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे, दोन्ही अर्थांनी.

पण हा काळ सोपा नव्हता. त्याच १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला आणि मौलाना आझाद, नेहरू, सरदार पटेल अशा नेत्यांना नगरच्या किल्ल्यात आणून डांबण्यात आलं. केडगावहून हा किल्ला काही किलोमीटरवर आहे. मौलानांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं तिथेच लिहिली. बेगम झुलेखा गेल्याची खबर त्यांना तिथेच मिळाली. एक मुसलमान इंग्रजांच्या कैदेत आणि दुसरा इंग्रजांच्या गणवेशात. यातला देशभक्त कोणता, असा प्रश्न हल्ली लगेच विचारला जातो. माझ्या मते तो चुकीचा प्रश्न आहे. एकाने स्वातंत्र्य मागितलं, दुसरा ज्या हवाई दलात घडला ते स्वतंत्र देशाला उपयोगी पडलं.

हा बदल विमानांच्या पंखांवरच दिसतो. सिम्युलेटरच्या भाषेत विमानाच्या रंगरूपाला ‘लिव्हरी’ म्हणतात. भाच्याच्या स्पिटफायरवर ब्रिटिशांचं तांबडं-पांढरं-निळं गोल चिन्ह होतं. पूर्वेच्या आघाडीवर मात्र या चिन्हातला तांबडा रंग काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर तांबडा गोळा असे आणि आपल्याच माणसाने आपलं विमान पाडण्याची भीती होती. तिथे गोलात निळ्याच्या दोन छटा उरल्या. युद्धानंतर तांबडा रंग परत आला. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र आलं आणि १९५० पासून केशरी, पांढरा, हिरवा. दहा वर्षांच्या आत चिन्ह इतक्यांदा बदललं. ते सगळे बदल लतीफ यांच्या सेवाकाळातच झाले.

सर्वांत कठीण वळण १९४७ चं. फाळणीत फौजेप्रमाणे हवाई दलाचीही वाटणी झाली. विमानं वाटली गेली, माणसांनी निवड केली. असगर खान, नूर खान पाकिस्तानात गेले आणि पुढे तिथले हवाई दलप्रमुख झाले. लतीफ यांनी भारत निवडला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांचं हैदराबाद तेव्हा भारतात विलीनही झालं नव्हतं. आपल्या मराठवाड्यासह ते संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये सामील झालं. घर कुठल्या देशात राहील हे ठरायच्या आधीच त्यांनी देश ठरवला होता.

१९७८ ते १९८१ या काळात ते भारताचे हवाई दलप्रमुख होते. जग्वार विमानं दाखल झाली ती याच काळात. १९८२ मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ७८ वर्षांच्या जे.आर.डीं.नी लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून कराची-मुंबई प्रवास पुन्हा करून दाखवला. २०१८ मध्ये लतीफ यांचं निधन झालं. तीन वर्षं ते मुंबईच्या राजभवनात होते, तरी आपल्या किती घरांत त्यांचं नाव माहीत आहे? दुसऱ्याने विसरल्याची तक्रार करण्याआधी आपण काय लक्षात ठेवलं, हेही विचारायला हवं.

हे सगळं मी भाच्याला दोन-तीन दिवस फोनवर सांगत राहिलो. मग एका संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. स्पिटफायरवर दोन निळ्या छटांचं चिन्ह रंगवलं होतं आणि कॉकपिटखाली लिहिलं होतं, ‘आय. एच. लतीफ’.

मी त्याला फोन केला. “चिन्ह बरोबर आहे, नाव काढ. स्पिटफायर ते ब्रिटनमध्ये शिकले. ब्रह्मदेशात लढले ते हरिकेनवर.”

“पण मामू, वर्गात दाखवायचं होतं.”

“म्हणूनच काढ. एक चूक सापडली की बाकीचं खरंही कुणी ऐकणार नाही.”

सध्या तो हरिकेन शोधतोय.