बाबासाहेब, बॉन आणि जर्मन भाषा

कोलंबिया आणि लंडन आपल्या प्रत्येक भाषणात येते. बॉनचे नाव मात्र कुणी काढत नाही. ज्या विद्यार्थ्याला जातीमुळे शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, त्याने न्यूयॉर्कमध्ये अर्थशास्त्र शिकता शिकता जर्मनचेही पाठ घेतले. कामी आले ते पुढे. २५ फेब्रुवारी १९२१ रोजी बाबासाहेबांनी बॉन विद्यापीठासाठीचा अर्ज स्वहस्ते, जर्मनमध्ये लिहिला. नाव दाखल झाले २९ एप्रिल १९२२ रोजी. मधले चौदा महिने लंडनचा प्रबंध आणि बॅरिस्टरी चालूच होती. बॉनची पदवी झाली नाही, हे लपवायचे कारण नाही.

१९०० साली बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, तेव्हा आपले कडेगाव सातारा जिल्ह्यातच होते. आज इथली पोरे राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात निघाली की दाखले गोळा करायला धावतात. भाषेचे काय? आम्ही कार्यकर्ते जयंतीच्या डीजेसाठी वर्गणी काढतो, जर्मनच्या शिकवणीसाठी का नाही? पदवीच्या पहिल्या वर्षालाच सुरुवात करा. जर्मनीत पदवीनंतरचे बरेच अभ्यासक्रम जर्मनमधूनच चालतात, आणि तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते.