मोझांबिक : तह झाला, घडी बसली का?

तोफा थंडावल्या की शांती आली, असे आपण सहज म्हणून जातो. इतिहास मात्र या दोहोंत भेद करतो. तो भेद समजून घेण्यासाठी आम्ही मोझांबिकचा विचार करू इच्छितो. हा देश आपणास अगदीच परका नाही. १७५२ पर्यंत पोर्तुगीज त्याचा कारभार गोव्यातूनच पाहत असत.

२५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला. फ्रेलिमो पक्षाने एकपक्षीय राज्य उभारले आणि ख्रिस्तसभेच्या शाळा व रुग्णालये ताब्यात घेतली. १९७७ च्या सुमारास रेनामोचे बंड पेटले. त्यास प्रथम ऱ्होडेशियाच्या व पुढे दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या राजवटीचे पाठबळ होते. परंतु केवळ परक्यांच्या चिथावणीवर बंड पंधरा वर्षे तग धरत नाही. खेडुतांना सामुदायिक वसाहतींत हलविण्यात आले, परंपरागत गावप्रमुखांचा अधिकार काढून घेण्यात आला; त्यामुळे धुमसणारा असंतोष बंडाला इंधन पुरवीत राहिला. युद्ध व दुष्काळ यांत सुमारे १० लाख माणसे दगावली.

बिशपांनी सरकारचा रोष पत्करून आपल्या पत्रकांतून संवादाचा आग्रह धरला. अखेर जुलै १९९० मध्ये रोम येथे संत एजिदियो समुदायाच्या वास्तूत दोन्ही पक्ष समोरासमोर आले. बैराचे आर्चबिशप गोन्साल्व्हिस, आंद्रेआ रिकार्डी, फादर मातेओ झुप्पी व इटलीचे राजकारणी मारिओ राफाएली हे मध्यस्थ होते. सत्तावीस महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, संत फ्रान्सिसच्या सणादिवशी करारावर सह्या झाल्या.

पुढील दोन वर्षांनी जगाला चकित केले. सर्वांना माफी मिळाली, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सैनिकांनी शस्त्रे ठेवली आणि शेजारच्या देशांतून सुमारे १७ लाख निर्वासित परतले. गावोगावी शुद्धीचे परंपरागत विधी करून लढवय्यांना पुन्हा घरात घेतले गेले. १९९५ मध्ये ख्रिस्ती मंडळींनी शस्त्रे घेऊन त्यांच्या बदल्यात अवजारे देण्याचा उपक्रम सुरू केला.

मग उणीव कोठे राहिली? आमच्या मते, सत्तेच्या वाटपात. १९९४ च्या निवडणुकीत रेनामोला पाच प्रांतांत बहुमत मिळाले. तरीही सर्व प्रांतांचे गव्हर्नर राष्ट्राध्यक्षच नेमत राहिले. मतपेटीत जिंकलेल्यासही कारभारात स्थान नाही, अशी भावना साचत गेली. २०१३ मध्ये पुन्हा गोळीबार सुरू झाला. २०१४ व २०१९ मध्ये पुन्हा करार करावे लागले. गव्हर्नर लोकमतावर ठरविण्याची तरतूद व्हावयास २०१८ साल उजाडले. रेनामोचा शेवटचा तळ २०२३ मध्ये बंद झाला. दरम्यान २०१७ पासून काबो देल्गादो प्रांतात नवीच आग भडकली आहे. तेथे जमिनीखाली माणके व समुद्राखाली वायू, आणि जमिनीवर बेकार तरुण! २०२४ च्या निवडणुकीनंतर तर राजधानीतच रक्त सांडले.

म्हणून रोमचा करार फसला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या कराराने एका पिढीला जगू दिले. मात्र माफीने सूड थांबतो, न्याय आपोआप येत नाही. एकाच देशात राहणाऱ्यांना अधिकारात व संपत्तीत वाटा मिळतो, तेव्हाच तो देश त्यांना आपला वाटतो. ज्या संयमाने तह घडविला, त्याच संयमाने ही वाटणी करणे, हे मोझांबिकपुढील अपुरे राहिलेले कार्य होय.