विचिटाची उमेदवारी

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील विचिटा हे शहर गव्हाच्या विस्तीर्ण मुलखात वसलेले असले, तरी त्याची कीर्ती धान्याच्या कोठारांपेक्षा विमानांच्या कारखान्यांनी अधिक दूरवर नेली. क्लाइड सेसना, वॉल्टर बीच आणि लॉइड स्टिअरमन यांनी १९२५ साली येथे भागीदारी केली व पुढे आपापले स्वतंत्र कारखाने काढले, आणि दुसऱ्या महायुद्धात बी-२९ ही प्रचंड बॉम्बफेकी विमाने येथेच मोठ्या संख्येने सिद्ध झाली. विमानविद्येची राजधानी म्हणविणाऱ्या या शहराने १९९० पासून आणखी एक व्रत निष्ठेने चालविले आहे : ज्यांना अद्याप कोणी ओळखत नाही, अशा व्यावसायिक गोल्फपटूंची स्पर्धा भरविण्याचे.

तत्पूर्वी अमेरिकेतील मुख्य गोल्फमंडळात, म्हणजे पीजीए टूरमध्ये, शिरण्याचा राजमार्ग म्हणजे वर्षातून एकदा होणारी प्रवेशपरीक्षा होती. तीत अनुत्तीर्ण झालेला गुणी खेळाडू वर्षभर किरकोळ सामन्यांत किंवा परमुलखात पोटापाण्याची सोय पाहत भटके. ही उणीव जाणून टूरचे आयुक्त डीन बीमन यांनी दुय्यम स्पर्धामालिकेची योजना आखली, आणि १९९० साली तिची रुजवात झाली. सुमारे तीस स्पर्धा, प्रत्येकीत साधारण एक लाख डॉलरांची बक्षिसे, आणि वर्षअखेरीस कमाईत पहिल्या पाच आलेल्यांना मुख्य टूरचा परवाना, असा तिचा सरंजाम होता. मालिकेला नाव मिळाले बेन हॉगन यांचे, कारण त्यांनी स्थापिलेली गोल्फसाहित्याची पेढी आश्रयदाती होती. परंतु ही व्यापारी निवड अर्थदृष्ट्याही समर्पक ठरली, कारण अमेरिकन गोल्फमधील हा महापुरुष स्वतः जवळजवळ एक तप अपयश आणि दारिद्र्य सोसून १९४० साली पहिला वैयक्तिक विजय मिळवू शकला होता.

विचिटाची पहिली स्पर्धा रिफ्लेक्शन रिज येथे झाली आणि टॉम लेहमन तीत विजयी झाला. हा मनुष्य नवखा नव्हता. १९८३ साली मुख्य टूरचा परवाना मिळवून तीन हंगामांत तो गमावलेला, आणि मग आशिया व दक्षिण आफ्रिकेपर्यंत वणवण केलेला असा तो खेळाडू होता. पुढल्याच वर्षी तो साऱ्या मालिकेत कमाईत अग्रणी ठरला, आणि १९९६ साली ब्रिटिश ओपनचा मानकरी झाला. १९९५ चा विजेता डेव्हिड टॉम्स २००१ साली पीजीए अजिंक्यपद जिंकून गेला, आणि २००१ चा विजेता जेसन डफनर २०१३ साली त्याच पदावर पोहोचला.

मालिकेचे आश्रयदाते मात्र वतनदारांसारखे टिकले नाहीत. हॉगननंतर १९९३ साली नायकी, २००० साली बाय डॉट कॉम, २००३ साली नेशनवाइड, २०१२ साली वेब डॉट कॉम आणि २०१९ साली कॉर्न फेरी, अशी नावे पालटत गेली. विचिटाच्या स्पर्धेनेही मधली काही वर्षे एअर कॅपिटल क्लासिक हे नाव धारण केले आणि क्रेस्टव्ह्यू क्लबच्या मैदानावर बस्तान बसविले. १९९० च्या मूळ स्पर्धांपैकी बॉइसी, नॉक्सव्हिल, यूटा आणि विचिटा एवढ्या चारच आजवर तगून राहिल्या आहेत.

बहुतेक स्पर्धा विजेत्याच्या पुनरागमनाने प्रतिष्ठा पावतात, परंतु येथे हिशेब उलटा आहे. जो खेळाडू यशस्वी होतो तो पुन्हा फिरकत नाही, आणि जो वर्षानुवर्षे येत राहतो त्याची उमेदवारी संपलेली नसते. म्हणून या गावाच्या पदरी कीर्तिमान विजेत्यांचा सहवास क्वचितच पडतो. तरीही २०१३ पासून दहा वर्षे प्रवेशपरीक्षेतून मुख्य टूरचा थेट परवाना मिळेनासा होऊन हीच दुय्यम मालिका प्रमुख द्वार ठरली, तेव्हा विचिटासारख्या गावांनी निनावी खेळाडूंसाठी दोन तपे चालविलेल्या वहिवाटीला दरबारी सनद मिळाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.