छावणी, कोश आणि बेथेल : ‘अधिकार’ ह्या कल्पनेच्या इतिहासातील एक प्रकरण

१

जालना शहराच्या एकोणिसाव्या शतकातील इतिहासाचा मोठा भाग छावणीने व्यापलेला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनच्या परिसरातील असई येथे वेलस्लीने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला आणि ह्या प्रदेशाचे लष्करी महत्त्व एकदम प्रकट झाले. पुढे १८१७ च्या अखेरीस नागपुरावर चालून गेलेले डव्हटनचे सैन्य जालन्याहूनच निघाले होते. १८५३ च्या तहाने ‘हैदराबाद कंटिंजंट’ ह्या फौजेची व्यवस्था कायम झाली. जालना हे तिच्या ठाण्यांपैकी एक होते. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानी सैन्यात विलीन करण्यात आली आणि तिच्या छावणीचे दिवसही संपले.

ह्याच जालन्याच्या परिसरात, छावणी नांदती असताना, बेथेल नावाची एक ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. तिचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री हे सैनिक नव्हते. तथापि हुकूम देणे व पाळणे हाच जिचा प्राण त्या छावणीच्या शेजारी, सेवा हीच जिची प्रतिज्ञा ती वसाहत वसावी, ह्या योगायोगाने इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न ठेवला आहे. ज्याला आज्ञा करण्याची सवय आहे त्याच्या अधिकाराचे ख्रिस्ती श्रद्धेच्या संस्काराने काय होते? तो अधिकार टाकून देतो, नव्या क्षेत्रात तसाच चालवितो, की त्याचे स्वरूपच पालटते?

प्रश्न नवा नाही. शुभवर्तमानातील शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरील रोमन नायक, येशूला म्हणतो तो आशय असा, की मीही दुसऱ्याच्या हुकमतीखाली आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. म्हणून शब्दाचे सामर्थ्य मला ठाऊक आहे. येशू त्याच्या विश्वासाची प्रशंसा करतो. त्याने नोकरी सोडावी असे म्हणत नाही. उलट लूकच्या शुभवर्तमानात शिष्यांमध्ये थोर कोण ह्याचा वाद निघतो तेव्हा, जो पुढारी आहे त्याने सेवकासारखे व्हावे, असा निर्णय मिळतो. सैनिकाच्या अधिकाराला मान्यता आणि पुढारीपणाच्या रूढ कल्पनेला नकार, ह्या दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात असल्यामुळे श्रद्धाळू सैनिकाला आपले उत्तर स्वतःच शोधावे लागते.

दख्खनच्या छावण्यांतील बहुतेक गोरे अधिकारी नोकरी संपताच मायदेशी परतले. श्रद्धेने त्यांच्या अधिकाराचे काय केले, ह्याची साक्ष त्यांनी येथे मागे ठेवलेल्या कामातूनच काढावी लागते. मराठीपुरते पाहता असे तीन लष्करी अधिकारी आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत. मात्र आपण त्यांना सैनिक म्हणून क्वचितच आठवतो, कोशकार म्हणून आठवतो. त्यांच्यापासून आरंभ करून मग जालन्याकडे वळणे सोयीचे होईल.

२

जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) हा कोवळ्या वयात कंपनीच्या सैन्यात दाखल होऊन हिंदुस्थानात आला. मराठीचा व्यासंग त्याने लष्करी नोकरीतच केला आणि सोलापुरास असताना शब्दसंग्रहाला हात घातला. पुढे मुंबई सरकारने कोशाचे काम त्याच्याकडे सोपविले. थॉमस व जॉर्ज कँडी हे जुळे बंधू, तेही सैन्यातलेच, त्याचे साहाय्यक झाले. १८३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी-इंग्रजी कोशात सुमारे ४०,००० शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही संख्या सुमारे ६०,००० पर्यंत गेली.

कोशाचे काम लष्करी शिस्तीचे होते, असे म्हणताना ‘शिस्त’ ह्या शब्दाकडेही लक्ष द्यावे. फारसीतून आलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ बंदुकीचा नेम असा आहे. नेम धरण्यासाठी हात व दृष्टी स्थिर ठेवावी लागते. त्यावरून तो व्यवस्थेचा आणि पुढे आचरणाच्या बंधनाचा वाचक झाला. मोल्सवर्थची शिस्त मात्र केवळ वरून खाली जाणारी नव्हती. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले ह्या पंडितांच्या ज्ञानावर हे काम उभे होते, आणि १८२९ मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ त्यांच्याच कर्तृत्वाने बाहेर पडला. परकीय अधिकाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोशाच्या आधी दोन वर्षे एतद्देशीयांचा एकभाषिक कोश छापला जातो, ही गोष्ट अधिकाराच्या वाटणीच्या दृष्टीने लहान नाही.

प्रकृतिअस्वास्थ्यामुळे मोल्सवर्थ १८३६ मध्ये इंग्लंडला परतला. लष्करी पेशा आपल्या ख्रिस्ती श्रद्धेशी विसंगत आहे ह्या जाणिवेने त्याने सैन्याचा राजीनामा दिला. निवृत्तिवेतनही नाकारल्याचा उल्लेख त्याच्याविषयीच्या चरित्रपर लेखनात येतो. १८५१ मध्ये तो कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी पुन्हा येथे आला. पहिल्या वेळी त्याच्यामागे हुद्दा होता. दुसऱ्या वेळी मुख्य बळ होते ते विद्येचे. आमच्या प्रश्नाला मिळणारे पहिले उत्तर हे त्यागाचे होय: तलवारीचा अधिकार ठेवून द्यावयाचा, शब्दाच्या सेवेचा घ्यावयाचा.

जॉर्ज कँडीने दुसरा मार्ग धरला. सैन्य सोडून त्याने धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली व मुंबईत मिशनकार्य केले. एक हुद्दा सोडून दुसरा स्वीकारण्याचा हा मार्ग त्या काळी अनोळखी नव्हता.

थॉमस कँडीचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. लष्करी पदवी त्याच्या नावामागे अखेरपर्यंत राहिली, कार्य मात्र शिक्षणखात्यात झाले. १८३७ मध्ये तो पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा पर्यवेक्षक झाला. १८५१ मध्ये पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज निघाले तेव्हा त्याच्या प्रमुखपदी तोच होता. ‘नीतिज्ञानाची परिभाषा’ (१८४८) व ‘विरामचिन्हांची परिभाषा’ (१८५०) ही त्याची पुस्तके. आज आपण मराठी वाक्यात जो स्वल्पविराम देतो त्याच्या प्रसाराचे श्रेय बव्हंशी कँडीला द्यावे लागते. १८४७ चा इंग्रजी-मराठी कोशही त्यानेच पुरा केला. शाळाखात्याच्या पुस्तकांची भाषा तपासण्याचे काम दीर्घकाळ त्याच्या हाती होते. एखादे वाक्य शुद्ध की अशुद्ध, ह्याचा निकाल त्याच्या मेजावर लागे.

हे नेतृत्व निःसंशय ठाम होते आणि त्याचा लाभही झाला. परंतु भाषेच्या क्षेत्रात हुकमाने चालणाऱ्या अधिकाराला एक मर्यादा असते: भाषा बोलणाऱ्यांना त्यात उत्तर देण्याची जागा उरत नाही. ते उत्तर पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’तून (१८७४ पासून) आले. शाळाखात्याच्या इंग्रजी वळणाच्या मराठीवर त्यांनी जो प्रहार केला, त्याची तीव्रता कँडीच्या विद्वत्तेने कमी झाली नाही. कँडी १८७७ मध्ये निवर्तला. विरामचिन्हे राहिली, कारण ती वाचणाऱ्याच्या उपयोगी पडली. वाक्यरचनेवरील हुकमत गेली, कारण ती बोलणाऱ्याने कधी आपली मानली नव्हती.

३

मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठी भाषेविषयीचे एक दीर्घ टिपण जोडलेले आहे. त्याचे लेखक स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन होत. नारायण शेषाद्री शिकले ते ह्याच विल्सन यांच्या मुंबईतील संस्थेत. अशा रीतीने कोशाचा धागा आपल्याला जालन्यापर्यंत आणून पोहोचवितो.

ब्राह्मण कुळातील शेषाद्रींनी १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन बंधू श्रीपत हाही मिशनकडे गेला होता. प्रकरण न्यायालयात जाऊन मुलगा पित्याच्या ताब्यात देण्यात आला. त्याला जातीत परत घ्यावे की नाही ह्यावर मुंबई-पुण्यात मोठे वादळ उठले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी शुद्धीचा पक्ष घेतला. एका भावाला परत घेण्यासाठी समाज दुभंगला, दुसरा भाऊ कायमचा दूर झाला. शेषाद्रींच्या पुढील आयुष्यातील निग्रह समजून घेताना ही किंमत विसरता येत नाही.

१८६० नंतरच्या दशकात त्यांनी जालन्यास काम सुरू केले. त्यांच्याकडे आलेल्यांत मोठा भरणा मांग, म्हणजे मातंग समाजाचा होता. दिवाण सर सालारजंग यांच्या कारभारात (१८५३–१८८३) निजाम सरकारकडून जमीन मिळाली आणि बेथेल वसले. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस शेषाद्री उपस्थित होते. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

बेथेलकडे पाहताना ‘अधिकार’ ह्या शब्दाचा दुसरा अर्थ ध्यानात घेणे आवश्यक आहे. छावणीत अधिकार म्हणजे हुकमत. परंतु पूर्वमीमांसेत अधिकार म्हणजे पात्रता: कोणते कर्म करण्यास व त्याचे फळ मिळविण्यास कोण योग्य, ह्याचा विचार जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायात आहे. वेदाध्ययनाचा ‘अधिकार नाही’ असे ज्यांना सांगितले गेले त्यांच्या दृष्टीने हाच अर्थ जीवघेणा होता. जोतीराव फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे ह्या मातंग मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्मग्रंथ कोणता, हा त्यातील प्रश्नाचा रोख पात्रतेच्या ह्या कल्पनेवरच आहे. जालन्याचे मातंग बेथेलला आले तेव्हा तो प्रश्न त्यांच्याही पाठीशी उभा होता. त्यांना हवा होता तो शंभरांवर हुकूम चालविण्याचा अधिकार नव्हे. जमिनीवर पाय रोवण्याचा, अक्षर वाचण्याचा, देवापुढे स्वतःच्या तोंडाने बोलण्याचा.

ह्यावर आक्षेप येऊ शकेल की बेथेलमध्येही पुढारी ब्राह्मणकुलोत्पन्न आणि अनुयायी मातंग, म्हणजे जुनीच उतरंड नव्या नावाने राहिली. आक्षेपात तथ्य आहे. जमीन एका माणसाच्या शब्दावर मिळाली, पैसा त्याच्या दौऱ्यांतून आला. अशा वसाहतीत संस्थापकाचा शब्द छावणीतील हुकमाइतकाच जड असणे स्वाभाविक होते. धर्मांतराने ही विषमता आपोआप नाहीशी होत नाही. पण म्हणूनच कसोटी कोणती लावावी हे महत्त्वाचे ठरते. पुढारी किती ठामपणे बोलला हे पाहून भागत नाही. त्याच्या बोलण्यानंतर इतरांना काय करता येऊ लागले हे पाहावे लागते.

४

ह्या कसोटीला व्याकरणशास्त्रातील एक संज्ञा साहाय्यक होते. पाणिनीच्या अष्टाध्यायीत काही सूत्रांना अधिकारसूत्रे म्हणतात. अशा सूत्राला स्वतःच्या जागी पूर्ण अर्थ नसतो. ते पुढील सूत्रांत अनुवृत्तीने उतरते आणि तेथे त्याचा अर्थ पुरा होतो. त्याची व्याप्तीही ठरलेली असते, ती संपली की सूत्र निवृत्त होते. वैयाकरणांनी ‘अधिकार’ हा शब्द ज्या अर्थाने योजला त्यात हुकमत आहे, पण ती पुढच्यांना समर्थ करण्यापुरतीच आहे.

मोल्सवर्थच्या कोशाला ही अनुवृत्ती लाभली. १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींनी १८६३ मध्ये त्याचा संक्षेप प्रसिद्ध केला. ज्या भाषेचा कोश त्या भाषेचाच माणूस आता त्याचा संपादक झाला. कँडीच्या कार्यातील जो भाग पुढच्यांनी स्वेच्छेने उचलला तोच टिकला. छावणीचे मात्र तसे झाले नाही. तिचा सारा अधिकार वरून येणाऱ्या आज्ञेत होता. १९०३ मध्ये आज्ञा फिरली आणि तो एका फटक्यात संपला. बेथेलमधील माणसांनी मिळविलेले अक्षर आणि स्वत्व असे कोणाच्या आज्ञेने परत घेता येणारे नव्हते.

सैनिकाने श्रद्धेपोटी हुद्दा सोडलाच पाहिजे असे ह्या इतिहासातून निघत नाही. शताधिपतीने तो सोडला नव्हता. निघते ते इतकेच, की आपण स्वतः कोणाच्या तरी अधिकाराखाली आहोत ही जाणीव ज्याने राखली, त्याच्या आज्ञेतून दुसऱ्याची पात्रता वाढू शकते. १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून परिभाषा घडविण्याचे काम आपल्याच हाती आहे. मंडळाने ठरविलेला शब्द वर्गातील विद्यार्थ्याच्या तोंडी उतरतो की परिपत्रकातच राहतो, ह्याकडे पाहताना मोल्सवर्थचे पंडित, कँडीचे टीकाकार आणि बेथेलचे मातंग ह्या तिघांचीही आठवण ठेवणे अभ्यासकांना उपयोगाचे होईल.