दोन कोटींमधला एक अर्ज

सप्टेंबर २००७ मध्ये आम्ही एक अर्ज भरला. लंडनमध्ये लेड झेपेलिन हा बँड एका रात्रीपुरता पुन्हा एकत्र येणार होता, तिकिटे सोडत पद्धतीने द्यायची ठरली होती आणि सोडतीसाठी संकेतस्थळावर नाव नोंदवायचे होते. आम्ही दोघे तेव्हा तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. एका तिकिटाची किंमत १२५ पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे दहा हजार रुपये होती. ती आमच्या महिन्याच्या मानधनाहून अधिक होती, आणि पासपोर्ट तर दोघांकडेही नव्हता. तरीही महाविद्यालयासमोरच्या सायबर कॅफेत बसून आम्ही नाव, पत्ता भरला आणि बटण दाबले. पान अडकले ते अडकलेच. कॅफेवाल्याने अर्ध्या तासाचे पैसे घेतले.

पुढे वाचनात आले की त्या मैफलीसाठी दोन कोटींच्या आसपास अर्ज आले होते. एका मैफलीच्या तिकिटांना आलेली सर्वाधिक मागणी म्हणून गिनेस बुकाने त्याची नोंदही केली. सभागृहाची क्षमता वीस हजारांच्या आतबाहेर. म्हणजे त्या रात्रीचा इतिहास लिहायचा तर तो मुख्यतः जे तिथे नव्हते त्यांचाच लिहावा लागेल. आमचा अर्ज पोचला असेल असे धरून त्या न-उपस्थितांच्या वतीने हे लिहीत आहोत.

१९६८ साली जमलेला हा बँड १९८० मध्ये थांबला. ड्रमवादक जॉन बॉनम २५ सप्टेंबर १९८० रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेला, आणि ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी छोटे निवेदन काढून कळवले की आता पूर्वीसारखे चालू ठेवणे शक्य नाही. रॉकच्या व्यवहारात हे तसे विरळाच. द हू या बँडने १९७८ मध्ये आपला ड्रमवादक गमावला, दुसरा घेतला आणि ते पुढे चालत राहिले. झेपेलिनने मात्र चौघांमधला एक गेल्यावर बँडच उरला नाही असे मानले. त्यांच्याविषयीच्या पुढच्या पिढ्यांच्या ओढीचे मूळ, आमच्या मते, या निवेदनात जितके आहे तितके त्यांच्या संगीतातही नसेल. आम्ही एकोणीसशे नव्वदीच्या अखेरीस पुण्याच्या वसतिगृहात कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेले झेपेलिन ऐकले, तेव्हा ते बंद झालेल्या दुकानाबाहेर उभे राहून आतला माल पाहण्यासारखेच होते.

पुनर्मीलनाचे प्रयत्न आधी झाले नव्हते असे नाही. ते झाले आणि फसले. १३ जुलै १९८५ रोजी फिलाडेल्फियात ‘लाइव्ह एड’च्या मंचावर तिघे उभे राहिले. ड्रमवर टोनी थॉम्प्सन आणि फिल कॉलिन्स हे दोघे. पैकी कॉलिन्स त्याच दिवशी लंडनच्या वेम्ब्लीत गाऊन कॉंकॉर्ड विमानाने अटलांटिक ओलांडून आलेला. तालीम जवळजवळ नाही, जिमी पेजची गिटार सुरात नाही, रॉबर्ट प्लांटचा गळा बसलेला. २००४ मध्ये ‘लाइव्ह एड’ची डीव्हीडी निघाली तेव्हा आपला भाग त्यात घेऊ नये असे बँडनेच सांगितले. मे १९८८ मध्ये ॲटलांटिक रेकॉर्ड्सच्या चाळिसाव्या वाढदिवशी न्यूयॉर्कला पुन्हा एक प्रयत्न झाला. त्या वेळी ड्रमवर जॉनचा मुलगा जेसन होता. तोही समाधानकारक ठरला नाही. १९९४ मध्ये पेज आणि प्लांट यांनी दोघांचाच प्रकल्प केला आणि बेसवादक जॉन पॉल जोन्सला त्यात बोलावलेच नाही. जोन्सने त्याचा टोमणा पुढच्याच वर्षी एका सन्मान समारंभात, भर मंचावरून, हसत हसत मारला. घराण्यांतील भाऊबंदकी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटण्याचे कारण नाही.

मग २००७ मध्ये काय बदलले? एक तर निमित्त बदलले. ही मैफल अहमेट एर्टेगन यांच्या स्मरणार्थ होती. अमेरिकेतील तुर्की राजदूताचा हा मुलगा. त्याने १९४७ मध्ये ॲटलांटिक रेकॉर्ड्स ही कंपनी एका सहकाऱ्यासोबत काढली, कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्लूज मोठ्या बाजारात नेले आणि १९६८ मध्ये झेपेलिनला करारबद्ध केले. ऑक्टोबर २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात रोलिंग स्टोन्सच्या मैफलीच्या वेळी मागच्या बाजूला तो पडला, बेशुद्धीत गेला आणि डिसेंबरात वारला. ज्याने आपल्याला उभे केले त्याच्या नावाने गायचे, हा मैफलीचा प्रकार आपल्याला नवा नाही. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पुण्यात डिसेंबरच्या थंडीत आपण ऐकत आलो आहोत. पुण्यस्मरणाच्या मैफलीत गेलेला माणूस परत येईल अशी अपेक्षा कोणी करत नाही. पुनर्मीलनाच्या मैफलीत नेमकी तीच अपेक्षा असते आणि तीच गोत्यात आणते. १० डिसेंबर २००७ ची रात्र जमली, याचे कारण तिचे नाव पुनर्मीलन असले तरी तिची रीत पुण्यस्मरणाची होती, असे आम्हाला वाटते.

(खरे तर ती २६ नोव्हेंबरलाच व्हायची होती. पेजच्या बोटाचे हाड मोडले आणि दोन आठवडे पुढे गेली. त्रेसष्टाव्या वर्षी बोट मोडलेला गिटारवादक: ज्यांची तिकिटे लागली होती त्यांची ती दोन आठवड्यांतली झोप कशी असेल याची कल्पना करावी.)

ग्रीनिचच्या ओटू अरेनामध्ये दिवे गेले तेव्हा आधी पडद्यावर १९७३ मधली एक दूरचित्रवाणी बातमी दाखवली गेली: फ्लोरिडातील टँपा येथे झेपेलिनने प्रेक्षकसंख्येचा बीटल्सचा विक्रम मोडल्याची. आणि मग पहिले गाणे आले ते ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’. १९६९ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतले पहिलेच गाणे. वरवर पाहता हा साधा क्रम आहे. पण ड्रम वाजवणाऱ्या कोणालाही विचारावे. या गाण्यात जॉन बॉनमच्या उजव्या पायाने एकाच पेडलवर जे तिहेरी ठोके काढले आहेत ते ऐकून आजवर अनेकांनी, पेडल दोन असणार, अशी शंका घेतली आहे. मुलाच्या हाती, नव्हे पायी, त्यांनी आधी हेच दिले. ज्या जागेविषयी सभागृहातील प्रत्येकाच्या मनात शंका होती ती जागा त्यांनी पहिल्या तीन मिनिटांत उघडी करून दाखवली. जेसन तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता, म्हणजे वडिलांना जेवढे आयुष्य मिळाले त्याहून नऊ वर्षांनी मोठा. १९७६ च्या झेपेलिनच्या चित्रपटात लहानशा ड्रमसेटवर बसलेले एक पोर दिसते, ते हेच.

सोळा गाण्यांच्या त्या क्रमात ‘मोबी डिक’ नाही. ते जॉन बॉनमचे एकल वादनाचे गाणे होते. सत्तरच्या दशकात ते प्रसंगी अर्धा तास चाले. मुलाला बापाच्या जागी बसवले, पण बापाची जी खास खोली होती ती उघडली नाही. हा विवेक आम्हाला त्या रात्रीतील सर्वांत मोलाचा वाटतो. ‘स्टेअरवे टू हेवन’ही शेवटास राखून न ठेवता अकराव्या क्रमांकावर, फारसा गाजावाजा न करता झाले. ‘डेज्ड अँड कन्फ्यूज्ड’ पूर्वी अर्धा अर्धा तास रंगे, ते बारा मिनिटांच्या आसपास आवरले. उलट १९७६ चे ‘फॉर युअर लाइफ’ त्यांनी मंचावर आयुष्यात पहिल्यांदाच वाजवले. आठवणी उगाळायला जमलेल्यांपुढे असे एक गाणे टाकणे, ज्याची मंचावरची आठवण कोणाकडेच नाही, यात थोडा खोडकरपणाही असावा.

काही गाण्यांची पट्टी खाली आणली होती. एकोणसाठ वर्षांचा प्लांट विशीतले टिपेचे सूर लावणार नव्हता. आमच्या कानांना यात खटकण्यासारखे काही वाटले नाही. उतारवयात गवई अर्धी-एक पट्टी उतरतो आणि श्रोता त्या उतरलेल्या स्वरात दुसरे काही शोधतो, हा आपला संस्कार. रॉकच्या श्रोत्याचे तसे नाही. त्याच्याजवळ मुद्रित प्रत असते, ती संहितेसारखी पाठ असते आणि प्रत्येक मैफल तिच्याशी ताडून पाहिली जाते.

प्रतींचा विषय निघालाच आहे, तर आमच्या आपापसातील मतभेदाची नोंद करायला हवी. त्या रात्रीची आमच्यापर्यंत पोचलेली पहिली प्रत म्हणजे प्रेक्षकांनी मोबाइलवर चोरून टिपलेले तुकडे. हलणारे, धुरकट, आवाज फाटलेला. दुसरी प्रत पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘सेलिब्रेशन डे’ या चित्रपटाच्या रूपाने आली. ती स्वच्छ, संपादित, प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू येईल अशी. आमच्यापैकी एकाच्या मते हीच अधिकृत प्रत. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली म्हणून आपण ती वाचू शकतो, तसेच हे. दुसऱ्याचे म्हणणे असे की अशुद्ध प्रतीतच वाचकाचा हात दिसतो. त्या फाटक्या तुकड्यांत पहिल्या सुरावटीनंतर मोबाइल धरणाऱ्याचाच ओरडल्याचा आवाज येतो आणि मग काही क्षण बँड ऐकूच येत नाही. चाहत्याच्या अनुभवाचा इतिहास हवा असेल तर साधन ते आहे. चित्रपट हे वादकांच्या अनुभवाचे साधन. हा वाद आमच्यात मिटलेला नाही.

त्यानंतर जगभराचा दौरा होईल असे सर्वांनी धरले होते. प्लांटने नकार दिला. ॲलिसन क्राउससोबतची त्याची ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर २००७ मध्येच निघाली होती आणि तिला पुढे ग्रॅमीचा वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मानही मिळाला. उरलेल्या तिघांनी २००८ मध्ये दुसरे गायक घेऊन पाहिले आणि २००९ च्या आरंभी तो नाद सोडला. ज्यांनी १९८० मध्ये एका माणसाची जागा भरता येत नाही असे लिहून दिले त्यांनी अठ्ठावीस वर्षांनी गायकाच्या जागेसाठी माणसे पारखावीत, ही विसंगती चाहत्यांनी फारशी बोलून दाखवली नाही. आम्हीही तेव्हा दिली नव्हती.

त्या रात्री मुख्य कार्यक्रमाचा शेवट ‘काश्मीर’ने झाला. या नावाने हुरळून जाणारे भारतीय श्रोते आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, एके काळी त्यांत आम्हीही होतो. पण त्या गाण्याचे शब्द प्लांटला सुचले ते दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटी रस्त्यावर. खरा धागा मुंबईचा आहे आणि तो तीन वर्षे आधीचा आहे. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये स्थानिक मुलांची वाद्ये मागून घेऊन ते वाजवायला उभे राहिले, बॉनम आणि जोन्सशिवाय. बेसवर मुंबईचाच एक तरुण होता, ड्रमवरही. म्हणजे त्या रिकाम्या जागेवर, ती रिकामी होण्याच्या आठ वर्षे आधी, एक मुंबईकर बसून गेला होता. त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. दुसऱ्या गाण्यात पाच आणि सहा मात्रांची अदलाबदल आहे. मूळ मुद्रणात बॉनमने दोन्ही हातांत दोन दोन काठ्या घेतल्या होत्या, नाव त्यावरूनच पडले. तेच वजन इथे तालवाद्ये आणि तंतुवाद्ये उचलतात.

ही फीत चाळीसहून अधिक वर्षे पडून होती. १९९४ च्या प्रकल्पात पेज आणि प्लांट यांनी हीच दोन गाणी पुन्हा घेतली, पण इजिप्शियन वादकांसह. मुंबईचे मुद्रण अखेर २०१५ मध्ये ‘कोडा’ या ध्वनिमुद्रिकेच्या वाढीव आवृत्तीत बाहेर आले. आम्ही ते आधी घरी ऐकले, मग एकदा पदव्युत्तर वर्गात, साहित्य आणि इतर कलांचा संबंध शिकवताना ऐकवले. त्याआधी ओटूचे ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’ दाखवले होते. पडद्यावर पांढऱ्या केसांचा पेज, आणि वर्गाला चौघांची नावे, वये, कोणाचा मुलगा कोण, सारे सांगून झाले होते. मुलांनी ते वहीत उतरवूनही घेतले. मग मुंबईची फीत लावली. ती संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने, ती स्वतः व्हायोलिन शिकते, विचारले, “सर, यातले व्हायोलिन कोणाचे?” आम्ही वेष्टन उलटून पाहिले. गाण्याच्या नावापुढे कंसात ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ असे छापले होते.